कोळसेबाई

सूत रंगवण्याच्या एका कारखान्याच्या मागच्या अंगाला, सांडपाण्याच्या टाक्यांपाशी, एक बाई बावीस वर्षं कोळसा करत होत्या. हजेरीपटावर त्या 'मदतनीस' होत्या, पण सगळे त्यांना कोळसेबाईच म्हणत. शेंगांची टरफलं आणि लाकडाचा भुसा त्या लोखंडी पिंपात ठासून भरायच्या, झाकण घट्ट बसवायच्या आणि पिंपाभोवती जाळ करायच्या. आत हवा शिरली की राख, नाही शिरली की कोळसा. सांगायला एवढंच, पण हात बसायला त्यांना तीन वर्षं लागली. हा कोळसा धुऊन, चाळून एका उंच नळकांड्यात भरला, की वरून सोडलेलं लालभडक पाणी खाली नितळ होऊन यायचं. रंग, रसायनं, सगळं कोळशाच्या बारीक छिद्रांत चिकटून बसायचं.

"वहिनी, तुमची नखं बघून वाटतं, दिवसभर चुलीत हात घालून बसता," नणंद म्हणायची.

"बसतेच," बाई म्हणायच्या.

मग नवे व्यवस्थापक आले. त्यांनी कोळशाला 'बायोचार' म्हणायला सुरुवात केली आणि त्यावर एक गुळगुळीत माहितीपत्रक छापून घेतलं. त्यात टाकीशेजारी साहेबांचा फोटो होता. बाईंचा कोपर आला होता, तो कापला. त्यानंतर त्यांनी खर्च वाचवायला दर वीस दिवसांनी कोळसा बदलायची पद्धत बंद केली.

"साहेब, कोळशाची छिद्रं भरलीत," बाई सांगायला गेल्या. "रंग अजून धरतोय, पण ते विषारी फेनॉल निसटतंय. पाण्याला वास येतो."

"मला नाही आला कधी."

हे मात्र खरं होतं. साहेब टाक्यांपाशी फक्त फोटोपुरते गेले होते.

काढून ठेवलेला जुना कोळसा त्यांनी फाटकाजवळच्या गुलाबांना घालायला लावला. मातीला कोळसा मानवतो, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. ते कोऱ्या कोळशाबद्दल होतं, तेवढं वाचायचं राहून गेलं. पंधरा दिवसांत गुलाब वाळले आणि माळ्याला हलगर्जीपणाबद्दल नोटीस मिळाली.

पुढच्याच महिन्यात प्रदूषण मंडळाच्या तपासणी अधिकारी आल्या. साहेबांनी बाईंकडून नळकांड्याखालचं पाणी काचेच्या ग्लासात मागवलं आणि उजेडात धरलं. "बघा मॅडम, अगदी पिण्यासारखं."

"मग प्या की," अधिकारी म्हणाल्या.

साहेबांनी ग्लास तोंडाजवळ नेला. नाकाशी येताच त्यांचा चेहरा उतरला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना तो वास आला होता. "आधी पाहुण्यांनी," असं म्हणत त्यांनी ग्लास शेजारी उभ्या, बाहेरून बोलावलेल्या सल्लागाराकडे दिला. सल्लागाराला नेमका तेव्हाच फोन आला, जो वाजलाच नव्हता.

अधिकारी बाईंकडे वळल्या. "तुम्ही प्याल?"

"नाही," बाई म्हणाल्या. "दोन महिने कोळसा बदललेला नाही. मी दोनदा लिहून दिलंय, पोच आहे माझ्याकडे."

नमुने घेतले गेले, कारखाना आठ दिवस बंद राहिला. कोळसा बदलायचा हुकूम निघाला आणि त्याच दिवशी बाईंची बदली भांडारात झाली. तिथं झाडू आणि खराटे वेगवेगळ्या कप्प्यांत लावायचं काम होतं. घरी येऊन त्या जेवल्या नाहीत. "खरं बोलल्याचं वाईट नाही वाटत," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "पण ते पिंप दुसऱ्या कुणी हाताळायचं म्हणजे जिवावर येतं."

पिंप सल्लागारांनी हाताळलं. हातात तापमापक, डोक्यावर हेल्मेट, सगळं रीतसर. पहिल्या खेपेला राख झाली. दुसऱ्या खेपेला राख झाली आणि सल्लागारांच्या भुवयाही गेल्या.

साहेब स्वतः भांडारात आले. "बाई, झालं गेलं विसरून जा."

"विसरते. पण कोळसा कधी बदलायचा ते मी ठरवणार. आणि वापरलेला कोळसा झाडांना नाही जाणार, बंद पिंपांतून घातक कचरा जाळायच्या भट्टीत जाणार. एवढं लिहून द्या."

साहेबांनी लिहून दिलं. ती सुधारणा पुढच्या माहितीपत्रकात स्वतःच्या नावावर घातली आणि वर्षभरात बढती घेऊन मोठ्या कार्यालयात गेले. पर्यावरण विभागाचे प्रमुख म्हणून.

बाईंनी निवृत्तीपूर्वी माळ्याला हाताशी घेतलं. तो आता रोज पिंपाशी बसतो. पहिल्या चार खेपा राखच झाल्या. पाचव्या वेळी, तोवर निवृत्त झालेल्या बाई घरून मुद्दाम येऊन शेजारी बसल्या, आणि झाकण उघडल्यावर त्यांनी एक काळा तुकडा बोटांत चुरून पाहिला. "जमलं," एवढंच म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.