एका खांबाचं घर

घराला चार कोपरे लागतात, हा माझ्या मते निव्वळ अडाणीपणा होता.

निजामाच्या राजवटीतली गोष्ट. बेंबळीत आमच्या घराला लागून एक तिकोनी तुकडा पडून होता. म्हैस बांधली तर शेपूट गल्लीत! माझं नुकतंच लग्न झालेलं, वेगळी खोली हवी होती. शिवाय मी दोन वर्षं हैदराबादेत कारकुनी करून आलेलो (म्हणजे मोठमोठ्या इमारती खालून बघून आलेलो). वडील, म्हणजे आबा, महिनाभर तेरखेड्याला माझ्या थोरल्या बहिणीकडं गेले, तेवढ्यात मी काम काढलं.

माझा नकाशा असा : मधोमध एकच खांब, त्यावरून तिन्ही भिंतींवर तुळया, वर मातीचं माळवद. उघडलेली छत्रीच! गाव बघायला लोटलं.

कासीमचाचा गवंडी डोकं खाजवत म्हणाले, "बेटा, सारा बोजा एक खांबपे?"

"चाचा, हैदराबादेत असंच असतंय!" (हैदराबादेत असं काहीही नव्हतं.)

खांबासाठी खोदलं, तर हातभरावर थोरली चपटी फरशी लागली.

"ये फत्तर किसीने बिठाया दिस्ता. आबांकू पूछ ले."

"पूछना काय त्यात? आयता पाया हाय! ठेवा खांब!"

आबा परतले. घराभोवती फिरले, आत आले, आणि हळूच म्हणाले, "आन् पेव कुठंय?"

"कसलं पेव?"

"येड्या, तू हैदराबादेत असताना खोदलं! लेव्हीचं धान्य उचलणाऱ्या सरकारी माणसांच्या नजरंआड ज्वारी पुरलीया, चंपीच्या लग्नाची. वर फरशी घातली होती!"

मी खांबाकडं बघितलं. चाचांनी वर माळवदाकडं. बायकोनं माझ्याकडं (हे सगळ्यांत वाईट).

लग्नाला पाच दिवस! खांब काढावा तर माळवद डोक्यात, ठेवावा तर वऱ्हाड उपाशी. धाकटी बहीण चंपा डोळे पुसत म्हणाली, "दादा, पंगतीला तुजा खांब वाढू का?"

शेवटी चाचांनी आमच्या न्हाणीतून आडवं भुयार मारलं. लोक विचारायचे, "आबा, काय चाललंय?"

"मोरी तुंबलीया."

"चार दिस?"

"लई तुंबलीया!"

पाचव्या दिवशी मोरीतून धबाधबा ज्वारी आली. वऱ्हाड पोटभर जेवलं. पण पेव रिकामं झालं, तसा खांब दोन बोटं खाली बसला आणि माळवद कुरकुरलं!

चाचा म्हणाले, "बेटा, पेव भरके रख. अब तेरा घर अनाजपेच खडा है."

"माती भरू की मग."

"आन् ज्वारी कुठं ठिवू?" आबा कडाडले. "दुसऱ्या पेवाला जागा ठिवलीया का तुज्या छत्रीनं?"

तेव्हापासून सुगी झाली की आम्ही आधी पाया भरतो. आणि मी चौथ्या भाकरीला हात घातला, की बायको आधी वर माळवदाकडं बघते, मग माझ्याकडं.

"खावा की. पण जरा बेतानं... पाया खाताय तुमी!"