पाच वर्षे बंद राहिलेला उंबरा

यातले निम्मे मी आयुष्यात एकदाच सांगितले. उरलेले आज प्रथमच सांगतो आहे. शेजारच्या मनूला मी आजारी पाडले, आणि त्याचा दोष बायकोवर जाऊ दिला.

आम्हाला मूल नाही. कल्याणास मी रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होतो. घरात इतकी शांतता असे, की मी मुद्दाम पाय ओढत परतत असे. मग चार वर्षांची मनू आमच्या ओसरीवर येऊ लागली — माझ्याकडे नव्हे, हिच्याकडे. ही तिला बोलावत नसे, गोंजारत नसे. नुसती तांदूळ निवडत बसे. पोर आपण होऊन सुपाशी येई, खडे शोधी, बडबडत राही. मी मात्र समोर उभा राहून नाव विचारी, आकडे म्हणायला सांगे. एकदा ती म्हणाली, "काका, तुम्ही पंतोजी आहात का?" ही तोंडाला पदर लावून हसली. मला हेवा वाटला — स्वतःच्या बायकोचा. हे मी तिलाही कधी सांगू शकलो नाही.

म्हणून मी खाऊची वाट धरली. मनू नुकती हगवणीतून उठली होती, मऊ भातावर होती. मला ठाऊक होते. तरी ही विहिरीवर गेलेली पाहून मी तिला परसात नेले आणि फणसाचे गरे भरवले. "काका, अजून एक," म्हणत ती प्रथमच माझ्या मांडीवर बसली. मग मी कसला थांबतो?

दुसऱ्या दिवशी पोर डोळे फिरवू लागली. वैद्यांनी विचारले, पोटात काय गेले? मी दारातच उभा होतो. मी — गप्प राहिलो. मीठमिरच्या ओवाळताना मनूची आत्या माझ्या बायकोकडे बघत म्हणाली, "जिची कूस उजवली नाही, तिचीच नजर. दुसरे काय?"

मनू वाचली. हिला मात्र मनूच्या घरचा उंबरा बंद झाला, आणि मनूला आमचा. पुरुषाची नजर कोण धरतो? मी रोज त्यांच्याकडे जाई, जमिनीवर बसून मनूशी सागरगोटे खेळे. घरी आलो की ही ताट वाढताना विचारी, "आज काय म्हणाली?" एवढेच. पाच वर्षे.

मनूला नववे लागले आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे तिचे लग्न निघाले. हळदीला आळीतल्या सगळ्या बायकांना बोलावणे आले, हिला नाही. ही दार लोटून आत बसली. तेव्हा मी मांडवात गेलो आणि मनूच्या आईला, साऱ्या बायकांदेखत, गऱ्यांचे सांगितले. त्या तडक उठल्या. हळदीची वाटी उचलून आमच्या घराकडे निघाल्या.

"वहिनी, आधी मला जाऊ द्या," मी म्हणालो.

दार ढकलले. ही भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्यासमोर खाली बसलो.

"तुझी नजर नव्हती. गरे मी दिले होते, आणि तुला बोल लागला तेव्हा मी गप्प बसलो. रोज गप्प बसलो. माझे चुकले."