मालकांचा चष्मा

मुकादमाने कात्रीच्या टोकाने माझी हनुवटी वर केली. हात लावायचा नव्हता त्याला. विडीच्या कारखान्यात सगळ्या बाया मांडीवर सूप घेऊन बसलेल्या. त्यांच्यासमोर म्हणाला, "डोळे बघा हिचे. ऊठ. सगळ्यांना देशील."

बांगलादेशाची लढाई व्हायच्या आधीचा उन्हाळा. मुंबईकडून डोळ्यांची साथ नगर शहरात शिरली होती. डोळे आलेल्याकडे नुसतं बघितलं तरी आपले येतात, असं सगळे मानायचे. मीही.

पाचवीतून शाळा सोडून मी खानदेशातून अक्काकडे आलेली. थोरली बहीण. तिनेच कामाला लावलं. तिच्याच घरी जेवत होते. तिच्या उपकाराने माझी मान वर व्हायची नाही. डोळे आधी तिचेच आले. काम जाईल म्हणून रडली. चार दिवस मी तिचे डोळे धुतले, तिच्या वाट्याच्या विड्या वळल्या. ती पदर ओढून माझ्या आडोशाला बसायची.

मुकादमाने उठवलं तेव्हा मी तिच्याकडे बघितलं. वाटलं, आता बोलेल.

बोलली. "साथ हिनंच आणली, मुकादम. मला काय न्हाई झालं."

माझं सूप दाराबाहेर गेलं. पानं, तंबाखू, सगळं मातीत.

घरीही तेच. दाजींचा हातमाग बंद पडलेला. ते तिच्यावर ओरडायचे, ती माझ्यावर. ताट उंबऱ्याशी ठेवून तोंड फिरवायची. माझे डोळे बरे झाले, तरी फिरवायची.

पुढं निम्म्या बाया आजारी पडल्या, तेव्हा मुकादमाला मी आठवले. अक्का म्हणाली, पाया पड, चपलांपाशी बस, नजर खाली ठेव.

तिच्याबरोबर गेले. मालक काळा चष्मा लावून गादीवर. चष्म्याखालून पाणी गळत होतं, रुमालाने टिपत होते. मुकादम त्यांना चहा देत होता. तोंड न फिरवता.

मला म्हणाला, "खाली बघ."

मी वर बघितलं. "आधी मालकांना चष्मा काढायला सांगा. मग मला चपलांपाशी बसवा."

अक्काने दंड धरला. "येडी झाली का? माफी माग." मी हात सोडवला. तिच्या डोळ्यांचं मी तेव्हाही सांगितलं नाही.

त्याच दिवशी तिच्या घरातून गाठोडं उचललं.

तिने खाऊ घातलं, ते विसरणार नाही. मातीतलं सूपही विसरणार नाही. आता काम मागते ते समोरच्याच्या डोळ्यांत बघून. ज्याला सोसत नाही, त्याने तोंड फिरवावं.