डीनसाहेबांच्या हातातली डबी

सुधीरची बढती मी अकरा डब्या पेढे वाटून जवळजवळ थांबवली होती.

सुधीर, म्हणजे माझा नवरा, तेव्हा नॉर्थ कॅरोलायनातल्या एका विद्यापीठात असिस्टंट प्रोफेसर होता. तिथली शिडी सरळ: असिस्टंट, असोसिएट, मग नुसता प्रोफेसर. सहाव्या वर्षी असोसिएट झालात तर नोकरी कायमची. नाही तर वर्षभरात गाशा गुंडाळा. (नागपूरहून सासूबाई दर पत्रात विचारत, "सुधीर ज्यांचा असिस्टंट आहे, ते साहेब रिटायर कधी होणार?") विद्यापीठाजवळच्या कॅरी गावात घर नुकतंच घेतलेलं, मीनल चौथीत. मी फ्रिजवर दोन याद्या लावल्या होत्या: 'राहिलो तर' आणि 'गेलो तर'. दुसरी बरीच लांब होती.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी, कॉन्फरन्सला निघता निघता सुधीरने ऑफिसमधून फोन केला. "डिपार्टमेंटचं मतदान झालं. सगळे हो म्हणाले." पुढेही तो काहीतरी बोलत होता, पण तोवर मी फोन ठेवून रिकोटा चीज आणायला निघाले होते. (खवा कुठला मिळायला! रिकोटा आणि दुधाची पावडर आटवायची, आणि खाणाऱ्याने फार विचार करायचा नाही.)

सोमवारी सकाळी मी विभागात हजर. वाटप पदानुसार: प्रोफेसरांना पाच पेढे, असोसिएटना चार, असिस्टंटना तीन. प्रत्येक डबीवर टाइप केलेली चिठ्ठी: 'तुमच्या मताबद्दल मनापासून आभार.' दहा डब्या विभागातल्या टपालाच्या खणांत ठेवल्या. अकरावी वरच्या मजल्यावर, डीनसाहेबांच्या खणात.

खाली आले तर विभागाची सेक्रेटरी डॉरथी एक चिठ्ठी दुसऱ्यांदा वाचत होती. मग तिने मला खुर्ची दिली आणि हळू आवाजात समजावलं. मतदान गुप्त असतं. निकाल विभागाच्या हेडनी सुधीरच्या कानात सांगितलेला असणार. फाइल आता डीनसाहेबांकडे आहे, त्यानंतर एक कमिटी आणि वर दोन सह्या.

"आणि फाइल टेबलावर असताना घरून मिठाई येणं म्हणजे..."

तिने वाक्य अर्धवट सोडलं. मी मनात पूर्ण केलं. आपल्याकडे त्याला चिरीमिरी म्हणतात.

वाटपाची यादी हातात होती, त्यामुळे नऊ डब्या चार मिनिटांत परत आल्या. दहावी एका वृद्ध प्रोफेसरांनी संपवली होती. चिठ्ठीला त्यांनी बोटं पुसली होती, तेवढं नशीब. मी धावत वर गेले. डीनसाहेब खणासमोर उभे होते, आणि डबी त्यांच्या हातात!

"माफ करा, यात साखर जास्त झालीय," मी म्हटलं.

त्यांना गोड आवडतं म्हणाले.

"मुंग्याही लागल्यात."

बाहेर बर्फ पडत होता. तरी त्यांनी डबी ताबडतोब सोडली.

दुसऱ्या दिवशी सुधीर परतला. सगळं ऐकून कोटासकट सोफ्यावर बसला.

"फोनवर मी पुढे काय म्हणालो, ऐकलंस?"

"नाही."

"'कोणाला सांगू नकोस' म्हणालो."

आठवडाभर आम्ही तिघं पेढे खात होतो. मीनलने चौथ्या दिवशी विचारलं, "आई, आर वी मूव्हिंग बिकॉज ऑफ द पेढाज?" सुधीरने उत्तर माझ्यावर सोपवलं. मी तिला गणिताचा गृहपाठ काढायला लावला.

मे महिन्यात दुकानात डीनसाहेब भेटले. स्वतःची ढकलगाडी जरा लांब ठेवूनच त्यांनी माझं अभिनंदन केलं. मी भाजी तिथेच टाकून घरी आले.

"बढतीचं पत्र कधी आलं?"

"अकरा दिवस झाले," सुधीर म्हणाला.

"आईंना कळवलंस?"

"त्याच दिवशी."

"आणि मला?"

"विद्यापीठाच्या ट्रस्टींची शेवटची बैठक बाकी आहे गं. ती होईपर्यंत तुला सांगायचं नाही, असं डिपार्टमेंटच्या मीटिंगमध्ये ठरलं."

"मीटिंगमध्ये?"

"हो. हात वर करून मतदान घेतलं. हेड म्हणाले, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच चर्चा करावी लागली नाही."