अर्ध्या तिकिटाची गिटार

मी उमरग्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवते आणि माझं घर धाराशिवला आहे. सोमवारी पहाटेची एसटी धरायची, आठवडाभर उमरग्यात भाड्याच्या खोलीत राहायचं आणि शनिवारी दुपारी परतीची वाट धरायची. हे सुरू झालं तेव्हा माझी चाळिशी उलटली होती आणि गिटार शिकायला लागून जेमतेम वर्ष झालं होतं. खोलीवर संध्याकाळ खायला उठायची, म्हणून मी गिटारही सोबत नेऊ लागले. ती पूर्ण मापाची होती. मांडीवर घेतली तर शेजारच्या बाईच्या कानात तिचा दांडा जायचा आणि मागं ठेवली तर कुणाच्या तरी पोत्याखाली दबायची. तिसऱ्या महिन्यात नळदुर्गच्या स्टँडवर चढाओढीत तिची मान मोडली. मी पिशवी उघडली तेव्हा सहा तारांच्या आधारानं डोकं लोंबत होतं.

नवरा म्हणाला, "आता बास झालं ना?"

मला मात्र बास वाटत नव्हतं. पुढच्याच रविवारी सोलापूरला गेले आणि प्रवासासाठी करतात ती छोटी गिटार घेऊन आले. दप्तराएवढी खोळ, वजन तर जणू दोन शेर साखरेचं. पहिल्याच सोमवारी कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता खोळीकडं बघितलं.

"मॅडम, तुमचं बाईमाणसाचं अर्धं तिकीट. आन् ह्या पिल्लाचं?"

"त्याचं वय बसत नाही अजून," मी म्हणाले. अख्खी गाडी हसली.

त्या गिटारचं सुख मी पहिल्या महिन्यात भरभरून घेतलं. ती सामानाच्या फळीवर मावायची. खोलीत ती उशाशी राहायची आणि तिचा आवाज भिंतीपलीकडं जात नसल्यामुळं शेजारी कधी दार वाजवायचे नाहीत. स्टाफरूममध्ये कपाटात ठेवली तरी कुणाला अडचण नव्हती. पण दुखणीही हळूहळू कळू लागली. आमच्याकडच्या उन्हात ती तासाभरात बेसूर व्हायची. दांड्यावरच्या पट्ट्या इतक्या जवळ जवळ की माझी बोटं एकमेकांवर चढायची. आवाज असा, की जणू कुणी उशीत तोंड खुपसून गातंय. बघणारा प्रत्येक जण विचारायचा, "लेकीसाठी घेतली का?" सगळ्यात वाईट म्हणजे आता सबब उरली नाही. मोठी गिटार असताना 'आज आणली न्हाय' म्हणून सुटता यायचं. ही कायम खांद्यावर असल्यामुळं कुणीही म्हणे, "आणलीय ना? मग वाजवा की." वाजवायला घेतली की तिसऱ्या बाकावरच्या माणसाला ऐकू यायची नाही. तो मान पुढं काढून विचारी, "सुरू झालं का?"

अशाच एका शनिवारी उमरग्याहून येताना अणदूरच्या अलीकडं गाडीचं टायर बसलं. ड्रायव्हर-कंडक्टर जॅक लावायच्या खटपटीला लागले आणि आम्ही सगळे रस्त्याकडंच्या लिंबाखाली जाऊन बसलो. माझ्या शेजारी एक म्हातारे वाघ्या टेकले. खंडोबाचे भक्त, कपाळभर भंडारा, गळ्यात कवड्यांची माळ, हातात तुणतुणं. गाव अणदूरच, चालत गेलं तर अर्ध्या तासाची वाट, पण गुडघा साथ देत नव्हता म्हणून ते गाडीच्या भरवशावर थांबले होते. त्यांनी माझ्या खोळीकडं निरखून बघितलं.

"बाई, ह्यात काय हाय? कोंबडं?"

मी गिटार काढून दाखवली. त्यांनी ती हातात घेतली, उलटी केली, पोकळीत डोकावून बघितलं आणि बोटानं तारा मोजल्या.

"सा तारा! वाजवा बरं."

मी खोलीवर बसवलेली एक चाल वाजवायला घेतली. उन्हानं दोन तारा उतरलेल्या होत्या आणि हायवेवरनं ट्रक जात होते. ते कान लावून बसले. चाल संपल्यावर त्यांनी आपलं तुणतुणं पुढं धरलं.

"माझ्याला येकच तार हाय," ते म्हणाले, "तरी पार देवळामागं ऐकू जातंय. तुमच्याला सा असून कुजबुज का ओ?"

मला हसू आलं आणि लाजही वाटली. "लहान आहे बाबा ती. आवाजच एवढा."

"आवाजाचं न्हाय म्हणत म्या. तुमी सगळ्या तारांच्या मागं पळालाव. येकच धरा. ही मधली. नुसती छेडत ऱ्हावा, माझ्या बोटाकडं बघून."

त्यांनी तुणतुणं काखेत धरून ठेका धरला. मी एकाच तारेवर त्यांच्या मागं मागं गेले. दोनदा चुकले, तर त्यांनी मान हलवून पुन्हा पहिल्यापासून घेतलं. मग ते गायला लागले. पहिली ओळ खड्या आवाजात आली आणि माझी तार तिच्याखाली गडप झाली. त्यांच्या ते लक्षात आलं असावं. दुसऱ्या ओळीला त्यांनी आवाज खाली घेतला, इतका की आजूबाजूची माणसं बोलायची थांबली. देवळामागं ऐकू जाणारा तो गळा माझ्या एका तारेसाठी वाकला होता. वर्षभराच्या क्लासात मला जे जमलं नव्हतं ते त्या लिंबाखाली जमत होतं. मी बोटाकडं बघायचं सोडून दिलं होतं.

कंडक्टर तेलकट हातांनीच ओरडला, "चला, चढा!" अणदूरला उतरताना वाघ्या मागं वळून म्हणाले, "बाकीच्या पाच तारांला घाई न्हाय. येत्याल."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी घरात ओट्यापाशी स्टुलावर बसून ती एकच तार छेडत होते. सासूबाई मेथी निवडत होत्या. सासूबाईंचं आणि माझ्या गिटारचं तोवर काही देणंघेणं नव्हतं. एकदा तिच्यावरची धूळ पुसून त्या म्हणाल्या होत्या, "ह्या लाकडाला पाणी लागलं तर चालतं का?" बस, तेवढंच. त्या दिवशी मात्र मेथी निवडता निवडता त्यांच्या तोंडून काहीतरी गुणगुणणं निघालं. मी थांबले.

"थांबू नको ग. वाजीव."

मी वाजवत राहिले आणि त्या गायल्या. त्यांच्या आईची ओवी होती, भाऊ न्यायला येतोय आणि वाटेत ओढ्याला पाणी आलंय अशी. लग्नाला वीस वर्षं झाली होती, पण मी त्यांना गाताना ऐकलं नव्हतं. आवाज बारीक, जरा थरथरता, पण सुराला पक्का.

"आई, तुम्ही गाता? भजनी मंडळात तर नुसत्या टाळ घेऊन बसता."

त्यांनी देठ बाजूला टाकले. "पयल्यांदा गेले तवा गायले की. पेटीवाली म्हणाली, मावशी, तुमचं काय कळंना. खरंच व्हतं तिचं. माझा आवाज पेटीखाली बुडतोय. मग टाळच बरा."

"ही बुडवायची नाही," मी म्हणाले. "हिलाच कुणी ऐकत नाही."

त्या खो खो हसल्या. मग पदराला हात पुसून म्हणाल्या, "आण हिकडं."

मला ज्या जवळ जवळ पट्ट्यांनी छळलं होतं त्या त्यांच्या बारक्या हाताला बरोबर बसल्या. त्यांना पट्ट्यांची गरजही नव्हती म्हणा, मोकळी तारच छेडायची होती. दुपारपर्यंत त्यांनी ठेका पकडला. भाजी मात्र त्या दिवशी करपली आणि नवऱ्यानं ती मुकाट खाल्ली.

महिन्याभरानं माझ्या सुट्टीच्या दिवशी मंडळ आमच्याच घरी बसलं. तीन-चार भजनं पेटीवर झाली. मग सासूबाई आतून गिटार घेऊन आल्या. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. एक म्हणाली, "अगं बाई, नातवाचं खेळणं!" सासूबाईंनी मांडी घातली, तार जुळली का ते कान लावून बघितलं आणि ओवी सुरू केली. मागच्या बायकांना ऐकू येईना. त्या सरकल्या, मग पुढच्याही सरकल्या आणि सतरंजीवर सगळ्या सासूबाईंभोवती दाटीवाटीनं, गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. पेटीवालीनं आधी भाता बंद केला आणि तीही पुढं आली. ओवी संपली तेव्हा तिनंच विचारलं, "मावशी, हे यवढे दिस का न्हाय म्हणलात?"

सासूबाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "वाद्य न्हवतं ना माझ्या मापाचं."

मी चहा टाकायच्या निमित्तानं आत गेले.

तेव्हापासून सोमवारी पहाटे मी खोळ उचलायला गेले की आतून आवाज येतो, "आज मंडळ हाय ग, ऱ्हाऊ दे." महिन्यातल्या दोन-तीन फेऱ्यांना तरी त्या काही ना काही कारण काढतात. मी त्यांच्यासाठी सोलापूरहून दुसरी आणते म्हणाले, तर ऐकत नाहीत. "हीच सवयीची झालीय," म्हणतात. त्यामुळं हल्ली बहुतेक वेळा मी मोकळ्या खांद्यानं उमरग्याला जाते आणि संध्याकाळी खोलीतनं फोन लावते. त्या फोन ओट्यावर टेकवून ठेवतात. पलीकडून ऐकू येणारी तार इतकी बारीक असते की मला पंखा बंद करावा लागतो.