देशकरचा तांब्या, टोकन नंबरासकट

आमच्या कारखान्यात भंगाराचा दर वर्षी लिलाव व्हायचा. किश्श्यांचा कधी झाला नाही, म्हणून ते साचत गेले. मी स्टोअरमध्ये क्लार्क, त्यामुळे साठा माझ्याकडे जरा जास्त. जबलपूरची जुनी मंडळी जमली की एखादा काढतो. आज देशकरचे.

*

एकाहत्तरच्या लढाईचे दिवस होते. फौजेच्या ट्रकांसाठी तिन्ही पाळ्या चालू. प्रत्येकाला नंबराचं पितळी टोकन. येताना उचलायचं, जाताना गेटवर अडकवायचं, बाहेर न्यायचं नाही. घरच्या भांड्यांवर नावं घालतात, तसा आम्ही आपापल्या वस्तूंवर टोकन नंबर ठोकायचो. डबा, छत्री, सायकलचा पंप! माझा मित्र देशकर यात सर्वांच्या पुढे. त्याने पोळपाटही सोडला नाही. बायको म्हणाली, "आता मीच तेवढी राहिली!"

*

एकदा गेटवरचे पहारेकरी पांडेजी, त्यांनी त्याचा डबा अडवला.

"नंबर पड़ा है, तो माल सरकारी."

"पांडेजी, अंदर भिंडी है!"

"भिंडी पर नंबर है?"

"नहीं."

"तो भिंडी ले जाओ."

देशकर एका हातात भाजी घेऊन पार चेरीतालला, घरापर्यंत सायकल चालवत गेला!

*

मग त्याला ट्रेनिंगसाठी जर्मनीला पाठवलं. सोबत त्याने आईचा तांब्या घेतला. तिला तो लग्नात तिच्या आईने दिलेला. त्यावर तिचं नाव कोरलेलं, 'गोदावरी'. देशकरने बुडाशी टोकन नंबर ठोकून घेतला.

आईने ते पाहिलं. "माझ्या आईची एवढी एकच वस्तू उरली आहे. हा तांब्या हरवलास तर एकटा परत येऊ नको."

"काहून काळजी करून राहिली, आई? नंबर आहे ना!"

*

तांब्या पहिल्याच आठवड्यात रेल्वेत राहिला.

देशकर रोज सुट्टी झाली की स्टेशनवर, हरवलेल्या सामानाच्या खिडकीसमोर. तिथला साहेब म्हणायचा, छत्र्या आहेत, हातमोजे आहेत, एक कवळी आहे, चालेल? देशकर दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. बर्फ पडला तरी गेला. अखेर साहेबाने तांब्या काचेमागे ठेवला आणि विचारलं, तुझाच कशावरून?

'गोदावरी' साहेबाला वाचता येईना. देशकरने टोकन नंबर छापलेलं कारखान्याचं ओळखपत्र काढलं. आकडे जुळले. साहेब उठून उभा राहिला, हात मिळवला आणि म्हणाला, "सगळे प्रवासी तुमच्यासारखे हवेत!"

*

हा पराक्रम आम्हाला दाखवायला बहाद्दराने तांब्या कारखान्यात आणला. संध्याकाळी गेटवर पांडेजी!

"नंबर पड़ा है..."

जर्मनीहून सुटलेला तांब्या गेटच्या कपाटात बंद झाला.

दुसऱ्या दिवशी सुट्टीचा भोंगा झाला आणि देशकरची आई रिक्षाने गेटवर हजर. नऊवारीचा पदर खोचलेला.

"मेरा नाम है उसपर. पढ़ो!"

जर्मन साहेबाला जे जमलं नाही, ते पांडेजींनी खणखणीत वाचलं. "गोदावरी. अच्छा. कौन से सेक्शन में हैं?"

"रसोई!"

"टोकन?"

आईने देशकरला दंडाला धरून पुढे ओढलं. "ये क्या, खड़ा है! घर का बनाया हुआ है!"

मागे अख्खी पाळी खोळंबलेली. पांडेजींनी देशकरला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग तांब्या काढला, बाहीने पुसला, आईच्या हातात दिला आणि वाकून नमस्कार केला.

आई निघाली. देशकर तिच्या मागे निघाला, तर काठी आडवी आली.

"माताजी, टोकन बाहर नहीं जाता!"