बाबांनी बर्फाला धुरा घातला

मी बर्फावर स्की शिकवते, ही गोष्ट आमच्या आरमोरीकडच्या अख्ख्या गावाला माहीत होती. माहीत नव्हती ती फक्त मी जिथं काम करत होते त्या रिसॉर्टला!

खरं काम असं होतं, की हिमाचलातल्या त्या डोंगरावर पर्यटक दिवसभर स्की घालून पडायचे आणि संध्याकाळी त्यांचे ओले बूट माझ्याकडे यायचे. ते उलटे टांगायचे, वाळवायचे आणि त्यांचा वास घालवायचा. वास जायचा नाहीच, फक्त बुटांतून निघून माझ्या अंगात राहायला यायचा. (खोलीतल्या दोघी मैत्रिणी बर्फ पडत असतानाही खिडकी उघडी ठेवायच्या, यावरून काय ते समजा!)

पण हॉटेल मॅनेजमेंटचा कोर्स केलेल्या पोरीनं बापाला फोनवर "बूट वाळवते" असं कोणत्या तोंडानं सांगावं? मी ठोकून दिलं, "बाबा, शिकवतो ना मी इथी लोकायले!" झालं. बाबांनी त्याच दिवशी पानठेल्यावर जाहीर केलं, "आमची पोरगी बरफावर मास्तरीन हाय. अख्खं टेकाड तिच्या हाताखाली!"

हे खोटं खरं करायची एकच संधी होती. आमचे मॅनेजर नेगीसाहेब म्हणाले होते, हंगामाच्या शेवटच्या रविवारी नवशिक्यांच्या उतारावरून न पडता खाली येऊन दाखव, पुढच्या वर्षी तुला शिकवणाऱ्यांत घेतो. पडलीस तर पुन्हा बूट! महिनाभर मी दुपारच्या सुट्टीत सराव केला. गुडघे निळे झाले, कोपरं जांभळी झाली, पण जमायला लागलं होतं. म्हणजे जवळजवळ.

आणि त्या रविवारच्या आदल्या दिवशी फोन आला.

"पोरी, मी बसस्टँडवर हावो. कुठी येऊ?"

"कोन्त्या बसस्टँडवर, बाबा?"

"तुह्या!"

धान विकून बाबा मोकळे झाले होते आणि थेट पोरीचं टेकाड पाहायलाच निघाले होते. अंगात दोन स्वेटर, डोक्याला मफलर, आणि पायात आरमोरीच्या बाजारातून खास बर्फासाठी घेतलेले काळे गमबूट. उतारासमोर उभे राहून त्यांनी वरपासून खालपर्यंत नजर फिरवली.

"हे टेकाड तुह्यं?"

"हो... म्हन्जे, तसंच समजा," मी म्हणाले. (हेच ते उत्तर. इथंच मी खड्ड्यात पडले, फक्त कळायला एक दिवस लागला.)

"अन् धुरा काऊन नाई?" बाबांना इथंही शेतासारखा बांध हवा होता.

"बाबा, हा घसरासाठीच उतार हाय."

"उतार हाय म्हनूनच तं! बरफाचं सगळं पानी वाहून जाऊन राह्यलं. मानसंही वाहून जाऊन राह्यले!"

नेमकं त्याच वेळी एक जाडजूड गृहस्थ आमच्यासमोरून वाहत गेले आणि खालच्या मॅगीच्या ठेल्यात शिरले. ठेलेवालीनं न बघताच त्यांच्यासाठी चहा टाकला. तिचं निम्मं गिऱ्हाईक असंच यायचं.

आता आमच्याकडची गोष्ट सांगते. धानाच्या बांधीला, म्हणजे खाचराला, पाणी अडवणारा मातीचा धुरा नसला, की आमच्या माणसांना अन्न गोड लागत नाही. बाबा तर दुसऱ्याच्या शेतातला फुटलेला धुराही जाता-जाता पायानं दाबून पुढे जातात. अशा माणसाला उघडा उतार दाखवून मी "चहा घ्या, उन्हात बसा, अकरा वाजता माझी कमाल पाहा" असं सांगितलं आणि रविवारी सकाळी बुटांच्या खोलीत निघून गेले. त्या खोलीमागेच बर्फ उपसायचं फावडं ठेवलेलं असायचं!

बाबांनी कोणाला विचारलं नाही. पोरीच्या टेकाडावर विचारायचं कोणाला? कोणीतरी हटकलं तर म्हणाले, "मेरी लडकी ने बुलाया है." त्या माणसाला वाटलं, कोणा मॅडमचा बाप दिसतो, साहेबांना विचारूनच करत असेल. दोन तासांत उताराच्या पायथ्याशी आडवा, गुडघाभर उंच, थापून थापून गुळगुळीत केलेला धुरा तयार झाला.

अकरा वाजता मी वर उभी. खाली नेगीसाहेब परीक्षेच्या कागदात डोकं घालून. पांढऱ्यावर पांढरं, वरून काही दिसेचना! मी निघाले. काय सांगू, तशी मी आयुष्यात कधी घसरले नव्हते! अर्धा उतार झाला आणि बाबा दोन्ही हात हलवताना दिसले. मला वाटलं, कौतुक! मी ऐटीत मान डोलावली. ते काय ओरडत होते ते जवळ आल्यावर ऐकू आलं.

"धुऱ्यावर पाय देऊ नोको वं, कच्चा हाय अजून!"

पुढचं मला नीट आठवत नाही. मी हवेत होते, मग मी नेगीसाहेबांवर होते आणि मग आम्ही दोघंही मॅगीच्या ठेल्यात होतो. परीक्षेचा कागद पातेल्यात.

"ये किसने बनाया?" नेगीसाहेब ओरडले.

"मैने, साहेब," बाबा धावत आले. "मास्तरीनबाई का बाप."

"कौन सी मास्टरनी?"

माझ्या केसांतून मॅगी ओघळत होती. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटत होतं. पण खाली तर नुसता बर्फ!

"बाबा," मी म्हणाले, "मी शिकवत नाई. मी बूट वाळवतो."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग मफलरनं माझ्या कपाळावरची मॅगी पुसली. "मंग तसं सांगाचं ना, पागल! बूट वाळवनं काय चोरी हाय?" आणि मी सगळ्यांदेखत भोकाड पसरलं.

मी रडत होते तोवर बाबांनी जाऊन फुटलेला धुरा बुजवलाही. तेवढ्यात वरून एकामागोमाग तीन पर्यटक वाहत आले, धुऱ्याला अलगद टेकले आणि उठून टाळ्या वाजवायला लागले. त्या हंगामात पहिल्यांदाच ठेल्यात कोणी शिरलं नाही. ठेलेवालीचं तोंड उतरलं, पण नेगीसाहेबांचं उजळलं.

"बाबूजी, अगले सीज़न आओगे?"

"धान निंगालं का येतो!"

"और मैं, साहब?" मी विचारलं.

"तुम तो गिर गई."

"लेकिन वो धुरा..."

"गिरी कि नहीं?"

यंदा हिवाळ्यात आम्ही दोघं गेलो. बाबांच्या हाताखाली दोन माणसं आहेत, त्यांना ते धुरा थापायला शिकवतात. म्हणजे आमच्या घरात बर्फावरचा मास्तर झाला एकदाचा! मी आपली बुटांच्या खोलीत. रोज संध्याकाळी सगळ्यात शेवटी, सगळ्यात ओले, काळे गमबूट येतात आणि मागून आवाज येतो, "नीट वाळव वं, मास्तरीनबाई!"